पिवळं पाणी

९ जानेवारी २०२५, गुरुवार
मनगटातली नस दाबली गेली आहे. म्हसळ्याला दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले — पहाटे हात झटकता का, वस्तू निसटतात का, बटणं लावायला वेळ लागतो का, भाजलं तरी कळत नाही असं होतं का. पहिल्या तिन्हींना हो म्हटलं. उजवा हात! तीस वर्षं साप्ताहिकात सदर लिहितो आहे, आणि आता पेन कधी गळून पडतं तेच कळत नाही.

शस्त्रक्रिया ठीक. पण वर आणखी एक सोय — माझंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वरचं पिवळं पाणी मनगटात टोचायचं. मोबाईलवर चित्रफीत दाखवली. नस म्हणजे सुकलेली वेल, थेंब पडताच टवटवीत. मागे बासरी!
"सक्ती नाही काका. याने गुण येतो याचा पुरावा अजून पातळ आहे."
आपल्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार पहिल्यांदाच पाहिला. नको म्हटलं.

१० जानेवारी
सोनूबाईला सांगितलं. ती अंगणात सुपाऱ्या सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं रगत घुसळून काय निघनार? शाई."
बायको माझी, पण विनोद सदरात घेण्यासारखा.

१६ जानेवारी
झालं. डाव्या हाताने लिहितोय. पुरे.

१९ जानेवारी
शर्टाची बटणं सोनू लावते. एकेका बटणाकडे टक लावून बघते, सुईत दोरा ओवल्यासारखी.
"अगं, एसटी जाईल."
"जाऊं द्या. दुसरी हाय."
सकाळी तिने कपही फोडला. या आठवड्यातला दुसरा. हात आहेत की लोणी, म्हटलं. तर म्हणे, सुपारीनं बोटं बधिर होतातच. हिला प्रत्येक गोष्टीला सुपारी पुरते.

३० जानेवारी
टाके काढले. कागदाची कड बोटाला कळली!
बाकावर शेजारी धर्माजी म्हणून एक गृहस्थ. त्यांनी पिवळं पाणी घेतलं होतं. "हात नवा झाला," म्हणाले. माझा त्याशिवायच झाला. घरी येऊन एका बैठकीत सातशे शब्द लिहिले — भोळे लोक आणि त्यांचं स्वतःचंच रक्त. संपादक दयाराम खूष. नऊ तारखेच्या अंकात लावतो म्हणाला.

५ फेब्रुवारी
सोनू भाकरी उलटत होती. जळकट वास आधी मला आला. तिचं बोट तव्यावर टेकलेलं, आणि ती माझ्याशी बोलत होती.

तिचा हात माझ्या हाताशेजारी धरला. अंगठ्याखालचा माझा भाग भरीव. तिचा खोलगट.
"पहाटे हात झटकतेस?"
"कवापासून. सोलनाऱ्या साऱ्याच झटकतात."
उरलेले प्रश्नही विचारले. चारांना चार हो.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुमच्या हाताचं चाललं व्हतं ना."

६ फेब्रुवारी
तिला म्हसळ्याला नेलं. फार उशीर झाला, म्हणाले. शस्त्रक्रियेने मुंग्या जातील. अंगठ्यात जोर आणि बोटांत स्पर्श परत येईल, असा शब्द देत नाहीत.

७ फेब्रुवारी
दयारामला फोन केला, लेख काढून टाक.
मग डॉक्टरांना. ते पिवळं पाणी सोनूला द्याल का, विचारलं.
"काका, पुरावा पातळ आहे."
माहीत आहे, म्हटलं. द्या.