टाइम ऑफिसातलं एम.ए.

आई, आज मी घरीच आहे. कोलार रोडच्या या फ्लॅटमध्ये दुपारी एवढी शांतता असते हे मला ठाऊकच नव्हतं. कामाच्या दिवशी मी इथे असतेच कुठे? तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. पण तुझं एम.ए. मात्र लख्ख आठवतं.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यांच्या नोकरीपायी नागपूर सोडून भोपाळला आलेली तू, त्यांच्याच कारखान्यात, अनुकंपेवर टाइम ऑफिसात लागलीस. जाळीच्या खिडकीमागे बसायचं, कामगारांची हजेरी घ्यायची, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करायची. पुढे एक दिवस तू विद्यापीठात एम.ए.ला नाव घालून आलीस. विषय, औद्योगिक मानसशास्त्र. शेजारच्या क्वार्टरमधल्या भाभींनी घाबरून विचारलं, "दीदी, ये पागलों वाली पढ़ाई है क्या?" आणि तू हसून म्हणालीस, "नहीं भाभी, काम करने वालों की." काम सुटलं की कारखान्याच्या बसने टी. टी. नगर, तिथून मिनीबसने वर्ग. परत आलीस की ओट्यावर चहाच्या डब्याला पुस्तक टेकवायचीस आणि कणीक मळता मळता मोठ्याने वाचायचीस. पुस्तकाच्या कोपऱ्यांना कायम पीठ लागलेलं असे.

एकदा मी आपल्या कॉलनीतल्या एका क्रेन ऑपरेटरला आळशी म्हणाले. तो रोज उशिरा यायचा, हे तुझ्याच तोंडून ऐकलेलं. तू पोळी तव्यावरच सोडलीस. "आळशी म्हटलं की पुढे विचारायला काही उरतच नाही. आधी विचार तर, का उशीर होतो त्याला?" त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती; तिचं सगळं आवरून, शेजारणीला सांगून तो निघायचा. तू विचारलं होतंस. लाल खूण मात्र तरीही करावी लागत होती, आणि म्हणूनच बहुतेक तू चिडली होतीस.

तू पास झालीस आणि तुला कार्मिक विभागात टेबल मिळालं. मिठाई वाटलीस, नवी साडी नेसून गेलीस. पण थोड्याच दिवसांत कामगार कमी करायला स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. साहेबांनी तुला बोलावून सांगितलं, "आप तो मनोविज्ञान वाली हैं, आपकी बात मानेंगे. समझाइए इनको." माणसं एकेक करून तुझ्यासमोर बसू लागली. तू विचारायचीस, घरी जाऊन काय करणार, मुलं किती लहान आहेत, आणि समजावण्याचं काम तसंच राहायचं. मग तो क्रेन ऑपरेटर आला. सगळे सही करतायत म्हणून तोही करायला आला होता. तू पेन त्याच्यापुढून बाजूला केलंस. "अभी साइन मत करो भैया. घर जाओ, भाभी से बात करो." शेजारच्या टेबलावरच्याने हे ऐकलं आणि साहेबांना सांगितलं. आठवड्याच्या आत तू पुन्हा जाळीच्या खिडकीमागे होतीस.

त्या संध्याकाळी तू मटार सोलत बसली होतीस. मी रागाने विचारलं, "मग एवढं शिकलीस कशाला?" तू हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकलेस. मग म्हणालीस, "शिकले नसते तर मीही त्यांना समजावलं असतं. आणि वाटलं असतं, मी यांचं भलंच करतेय."

त्या क्रेन ऑपरेटरने पुढे सही केलीच. त्याला दुसऱ्या कुणीतरी समजावलं. मिसरोदला दुकान काढलं, ते चाललं नाही. बाजारात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "बहनजी, आपने तो कहा था." तू त्याच्या बायकोची चौकशी केलीस आणि भाजी न घेताच घराकडे वळलीस. नंतर कारखानाही बंद पडला.

आणि मी तोच विषय घेतला, आई. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता मंडीदीपच्या एका कंपनीत माझी काचेची केबिन आहे आणि गेला महिनाभर तिथे तेच चाललंय, फक्त नाव नवं आहे. लोक येतात, बसतात. मी पाणी पुढे करते, हळू आवाजात बोलते. हे सगळं मला शिकवलेलं आहे आणि मी ते चांगलं करते. परवा एका वेल्डरने विचारलं, "मैडम, आप मेरी जगह होतीं तो?" मी म्हणाले, "निर्णय आपका है." त्याने मान हलवली, सही केली आणि उठताना मला थँक्यू म्हणाला. तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही. तो सही करायच्या आधी पेन बाजूला करायला माझा हात जरासा उचलला होता. टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तुझ्यासारखं सांगायची माझी हिंमत नाही. नोकरी सोडायचीही नाही. मुलीचं शिक्षण चालू आहे, आणि खरं तर याशिवाय दुसरं मला काही येत नाही. हे कुठे पाठवणार आहे मी? लिहून झालं की फाडून टाकेन. तुला एवढंच सांगायचं होतं की आज सकाळी ऑफिसला फोन करून कळवलं, ताप आहे, येत नाही. ताप नाहीये, आई.