भट्टीच्या मालकाला शिक्षा झाली, आये

प्रिय आये,

आज पालघरच्या कोर्टात निकाल लागला. भट्टीच्या मालकाला शिक्षा झाली, मुकादमालाही झाली. तू गेल्याला सात महिने झाले, पण ही बातमी आधी तुलाच सांगायची होती. म्हणून जव्हारच्या डेपोत, खोडाळ्याच्या एसटीची वाट बघत लिहिते आहे.

मुकादम तुला परमुलखात कोळशाच्या भट्टीवर घेऊन गेला, तेव्हा मी आश्रमशाळेत सहावीला होते. पावसाआधी येते म्हणालीस. दोन दिवाळ्या गेल्या. बाकीच्या मुलींना न्यायला घरची माणसं यायची. मला वाटलं, तू मला विसरलीस. तुम्हाला तिथे कुलूप लावून कोंडतात, हे मला कुठे ठाऊक होतं?

तू पळून आलीस, हात भाजलेले, आणि मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. ते अजून सलतं. तू का नाही रागावलीस माझ्यावर?

मग तू तक्रार दिलीस. मोठ्या माणसाच्या नादी लागू नको, असं पाड्यावर सगळे म्हणाले. पण आपल्या वकीलबाईंनी तुला सांगितलं होतं की माणसाला गुलाम करणं हा साऱ्या जगाने गुन्हा ठरवलाय, आणि त्यासाठी जगाच्या कोर्टात जावं लागत नाही, आपलं जिल्ह्याचं कोर्ट पुरतं. ते तू घरोघर सांगत सुटलीस.

साक्षीच्या दिवशी मालकाचा वकील म्हणाला, ही बाई आपल्या मर्जीने कामाला गेली होती. तू मान खाली घालशील, अशी मला भीती. तू थेट न्यायाधीशांकडे बघितलंस.

“गेले मी माझ्या मर्जीनं. मग माझ्या मर्जीनं माघारी का नाय येऊ दिलं?”

आज न्यायाधीशांनी निकालात हेच वाक्य वाचलं, तुझं पूर्ण नाव घेऊन. मी उठून उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

एकच राग आहे. छातीतलं दुखणं लपवलंस, आणि त्यानंच गेलीस. साक्ष झाल्याशिवाय दवाखान्यात जायचं नाही असं ठरवलं होतंस, तर मला तरी सांगायचं होतंस ना?

सूर्यमाळच्या दोन बाया दुसऱ्या एका भट्टीवरून सुटून आल्यात. तक्रार द्यायला घाबरतात. सोमवारी मी त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन जाणार आहे. त्यांची साक्ष पुरी होईपर्यंत प्रत्येक तारखेला मी सोबत असेन. हा तुला माझा शब्द.

आज ताठ मानेने घरी निघालेली
तुझी मंगल