गुन्नारचं आधारपत्र

प्रिय सोल्वीताईस,

धाकट्या व्हर्लिनचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? ॲरिझोनाचं ऊन त्यांना मानवलं का? बुटात विंचू निघाल्याचं तू कळवलंस, तेही ‘एक छोटासा होता’ असं, त्यामुळे तो केवढा असेल याची मला कल्पना आली. इकडे डुलुथला एप्रिल सरत आला तरी सरोवराच्या काठाचा बर्फ हललेला नाही. पत्राला उशीर झाला त्याचं कारण असं की मधल्या काळात मी आणि गुन्नार जवळजवळ रस्त्यावर आलो होतो. घाबरू नकोस, आता मिटलंय. ज्यांनी मिटवलं त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून तुला लिहितोय.

झालं असं, की आमची इमारत शिकागोच्या कुठल्याशा कंपनीने विकत घेतली आणि पहिलंच फर्मान काढलं: पाळीव प्राणी बंद. महिनाअखेर कुत्रा तरी जाईल, नाहीतर कुत्र्यासकट भाडेकरू. नोटीस घेऊन आली आर्लिस टोलेफसन. (आर्लिस आमच्या इमारतीची व्यवस्थापक. माझी लाव्हॉन गेली तेव्हा माझ्या दाराशी ओव्हनमधून काढलेल्या गरम हॉटडिशची भांडी ठेवून बेल वाजवून पळून जायची ती हीच.) एका हातात नोटीस आणि दुसऱ्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा. ‘आधी वडी खा, मग वाच,’ म्हणाली. मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली आणि मग वाचलं. उरलेली वडी गुन्नारने खाल्ली.

गुन्नार पिल्लू असतानाच तू त्याला पाहिलंयस. बदकांच्या शिकारीसाठी जोपासलेल्या जातीचा हा लॅब्राडोर बंदुकीच्या आवाजाला घाबरतो, हे एक वेळ समजण्यासारखं आहे. पण तो बदकांनाही घाबरतो. शिकारी मालकाने टाकून दिला म्हणूनच लाव्हॉनने त्याला घरी आणला. आता घर विकलं, ती नाही, आणि उरलेल्या संसारात मी, तो आणि एक सोफा. (सोफा बहुतेक त्याचाच.) त्याला कुणाकडे देऊन टाकायचं हा विचार मी एकदा करून पाहिला. पुन्हा केला नाही.

आर्लिसनेच वाट दाखवली. समुपदेशकाने लिहून दिलं, की या माणसाला मनाच्या आधारासाठी हे जनावर लागतं, तर कायद्याने ते जनावर ‘पाळीव’ राहत नाही, ‘आधाराचं’ होतं, आणि कंपनीला ते राहू द्यावं लागतं. मी गुन्नारकडे पाहिलं. खिडकीच्या कठड्यावर एक सीगल येऊन बसला होता, म्हणून आमचा आधार सोफ्यामागे डोकं खुपसून थरथरत होता.

मी स्वतःला शहाणा समजून आधी कॉम्प्युटरवर बसलो. तिथे कुणीही न भेटता, न बघता आधारपत्र मिळतं. घरपोच आलं: सोनेरी शिक्का, गुन्नारचा फोटो लावलेलं ओळखपत्र आणि एक लाल जाकीट, जे त्याच्या एका पायात बसलं. आर्लिसने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, ‘व्हर्लिन, एवढं तर माझ्या टोस्टरलाही मिळालं असतं. खऱ्या माणसाकडे जा.’

म्हणून गेलो. समुपदेशक बाई भल्या. रेनाटा पिझोलातो त्यांचं नाव, नुकत्याच न्यू जर्सीहून आलेल्या. (तिकडे लोकांना दुःख झालं तर ते शेजाऱ्यांना ऐकू जातं म्हणे.) त्यांनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, वाईट नाही. झोप? लागते. जेवण? तक्रार नाही. पत्नी गेल्यापासून घर कसं वाटतं? आता याला मी काय सांगणार? म्हटलं, जरा वेगळं वाटतं. ताई, ‘वेगळं’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मार्ज मावशीच्या माशाच्या जेलीला आई आयुष्यभर ‘वेगळी आहे’ म्हणाली. पण त्या बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि आनंदाने म्हणाल्या, ‘मिस्टर आस्गार्ड, इतका समाधानी माणूस माझ्याकडे बऱ्याच दिवसांत आला नाही. खोटं पत्र मी देत नाही. आणि तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही.’ मी त्यांचे मनापासून आभार मानले, दारात उभं राहून हवापाण्याचं बोललो आणि घरी येऊन गुन्नारशेजारी बसलो.

आर्लिसला सांगितलं तर ती कडाडली. ‘वेगळं म्हणालास? न्यू जर्सीच्या बाईला? अरे, तिला काय कळणार, माठ्या!’ आणि पुढच्या भेटीला कोट चढवून स्वतःच गाडीत येऊन बसली. लक्षात घे, ही कंपनीची पगारी बाई. कुत्रा बाहेर काढणं हे तिचं काम.

पिझोलातो बाईंनी विचारलं, या सोबत बसल्या तर चालेल ना? मी म्हटलं, चालेल. आर्लिस म्हणाली, ‘हे ‘चालेल’ खरं आहे. बाकीच्यांचा अर्थ मी सांगते.’ आणि तिने दुभाष्याचं काम सुरू केलं. मी म्हटलं, वाईट नाही. ‘म्हणजे वाईट,’ आर्लिस. मी म्हटलं, झोप लागते. ‘खुर्चीत. पलंगावर हा झोपतच नाही.’ जेवतो मी. ‘उभ्याने, सिंकपाशी.’ मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सकाळी मी गाडी लावते तेव्हा आधी याच्या खिडकीचा पडदा बघते. कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं म्हणून तो वर गेलेला असतो. नाहीतर पडदा वर गेलाच नसता.’

मला हे ठाऊक नव्हतं, की कुणी बघतं.

बाईंनी मला विचारलं, गुन्नार नसला तर? मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हटलं, जरा वेगळं होईल. या वेळी दुभाष्याची गरज पडली नाही. बाईंनी पेन उचलून पत्रच लिहायला घेतलं.

पत्र मी ऑफिसात नेऊन दिलं. आर्लिसने मला बेल वाजवायला लावली, जणू पहिल्यांदाच भेटतोय अशा थाटात नाव विचारलं, पत्र दोनदा वाचलं आणि ‘कंपनीतर्फे कळवण्यात येतं’ एवढंच म्हणून शिक्का उलटा मारला. मग आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघून बर्फावर चर्चा केली. गुन्नार आता कायद्याने पाळीव नाही. सोफ्यावर त्याने आणखी जागा घेतली आहे.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. पिझोलातो बाई म्हणतात, कुत्रा ठीक आहे, पण जवळचं एक माणूसही हवं. कोण आहे, विचारलं. मी तुझं नाव दिलं. तू राहतेस कुठे ते ऐकून म्हणाल्या, ‘याला जवळ म्हणतात?’ तर जूनमध्ये थोडे दिवस येशील का? भाडेकरारात बहिणींबद्दल काहीही लिहिलेलं नाही, आर्लिसने तपासलंय. पलंग तुला देतो. नाही जमलं तरी काही बिघडत नाही, माझं ठीकच चाललंय.

ता. क. दुसरा. आर्लिस आत्ता वड्या घेऊन आली आणि तिने वरची शेवटची ओळ वाचली. म्हणते, खोड. खोडलं तर कागद खराब दिसेल, म्हणून राहू देतो. तू ती वाचू नकोस. ये.