रानसफरचंदाच्या जेलीसाठी एक शब्द

३ मार्च
माफ कर, डायरीबाई. नाताळापासून तुला हात लावला नाही. गुडघा दुखत होता. (गुडघ्याने लिहीत नाही, हे मान्य.) बातमी मोठी आहे. गावच्या शोमध्ये, म्हणजे भाज्या-केक-जॅमच्या वार्षिक स्पर्धेत, यंदा जॅम-जेलीचा परीक्षक मी! शिक्षण सातवीपर्यंत, पण जीभ पदवीधर.
निश्चय: कोणाचीही भीड नाही. उनाचीसुद्धा. नवरा गेल्यापासून ती दर रविवारी मला रोस्ट, म्हणजे भट्टीत भाजलेलं मटण, खायला बोलावते. ईस्टरला लग्नाचं विचारणार. हो म्हणेलच.

७ मार्च
बरण्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. आणि हरणाऱ्याला कार्डावर कारण लिहून द्यावं लागतं. तरी उनाची रानसफरचंदाची जेली मी कुठेही ओळखीन. आरशासारखी चकाकते.

९ मार्च, दुपार
चार नंबर चकचकीत. उनाचीच! पहिलं बक्षीस. भिडेने नाही, गुणांवर.
सात नंबरला चकाकी अजिबात नाही. शब्द सुचेना. 'डल'? मठ्ठ म्हणून हेडमास्तर मला तेच म्हणायचे, अजून लागतं. 'मॅट' रंगाच्या डब्यावर असतं. 'फ्लॅट' म्हणजे बुडबुडे गेलेली बिअर. शेवटी 'लॅकलस्टर' लिहिलं, म्हणजे निस्तेज. रेडिओवाले हरलेल्या फुटबॉल टीमला म्हणतात. भारदस्त आहे. कोणाला लागायचं नाही.

संध्याकाळ
चार नंबर अर्नची. अर्न प्लंबरची!
सात नंबर उनाची.
घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या निःपक्षपातीपणाचा तिला अभिमानच वाटेल.

१० मार्च, रविवार
लिलीची फुलं घेऊन गेलो. उना जाळीच्या दाराआडूनच बोलली. म्हणाली, आज रोस्ट जरा लॅकलस्टर झालाय, परीक्षकसाहेबांना नाही चालायचा. आत अर्न खो-खो हसला. मी म्हटलं, अगं, डल तर नाही ना लिहिलं! त्यावर म्हणाली, म्हाताऱ्या, डॉक्टरने तुझी साखर बंद केली म्हणून यंदा जेलीत साखर कमी घातली, मग चकाकणार कुठून? तुझ्यासाठी केलेल्यातलीच एक बरणी शोला पाठवली होती. आणि आतलं दारही लावून घेतलं.

११ मार्च
रागावलेली नाही. फुलं पायरीवर ठेवून आलो होतो, सकाळी तिथे नव्हती. म्हणजे घेतली. (शेजारची शेळी मोकळी असते, पण लिलीची फुलं खात नसावी.)
दाराखालून चिठ्ठी सरकवली: उना, उरलेल्या बरण्या टाकू नकोस. सगळ्या मी खाईन. लवकर कळव. रविवारच्या आत कळव.