कल्ल्यात रुतलेला काटा

पाली, चैत्रातला मंगळवार, दिवेलागण

धरणात डबक्याएवढंच पाणी उरलंय, अन् तळाशी बाभळीचे खुंट, म्हणून जाळं फिरत नाही. आमच्या मच्छीमार सोसायटीनं ठरवलं, उरलेली मोठी मरळ गळानं जिवंत धरून विहिरीत सोडायची. म्हणजे पाऊस झाल्यावर धरणाला बी तरी राहील. काम माझ्याकडे आलं, कारण केसांचा गळ इथं मलाच बांधता येतो.

शेळ्या राखणाऱ्या भीमानं आपल्या बोकडाच्या शेपटीचे केस कापून दिले. गळाच्या दांडीवर खाली पांढरे, वर तपकिरी, लाल दोऱ्यानं आवळले. पाण्यात ओढला की हुबेहूब मासोळी. भीमा हसला, "नवरदेवाचा फेटा बांधतोस काय बे? लई नटवलास!"

त्या कौतुकात गळाचा उलटा काटा कानशीनं घासायचा राहिला. तो घासला की गळ मासळीला न फाडता सुटतो; घासायचाच, हे आठ दिवस घोकत होतो.

मरळ दुसऱ्याच फेकीला आली. काटा कल्ल्यात खोल रुतला. भीमानं पक्कडीनं सोडवला, पण रक्त थांबेना. विहीर गाठायच्या आत बादलीतच गेली. पोट अंड्यांनी फुगलेलं. काहून घासला न्हाई मी तो काटा?

विहिरीवर सोसायटीचे सगळे वाट बघत होते. भीमाच म्हणाला, "म्हातारी झालती ती. याचा काय दोष हाय?"

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

गळ सोडवताना न घासलेला काटा भीमाला दिसलाच असणार. तरी घरी येताना वाटेभर आम्ही दोघं उन्हाविषयीच बोलत राहिलो.