देवळाबाहेरच्या चपला

प्रिय बाबा,

"सगळं जग चपला शिवून घ्यायला माझ्याकडे येतं, मग ते बघायला मी दुकान कशाला सोडू?" असं तुम्ही टाका घालताना म्हणाला होतात. मी तेव्हा शाळेत होते.

आता जगाची फेरी मारतेय. शहरं झाली, धबधबा झाला, आज डोंगरावरचं देऊळ होतं. सगळे आत गेले आणि मी पायरीवर बसून त्यांच्या चपला न्याहाळत राहिले. गाईड वैतागला.

"अहो ताई, देव आत आहे!"

"येते हो, आधी भक्तांची ओळख करून घेते."

त्यानं हसून आपला उजवा बूट पुढे केला. टाच एका बाजूनं झिजली होती. मी तुमच्यासारखंच म्हटलं, "उजवा गुडघा दुखतो ना?" त्यानं चटकन गुडघ्यावर हात ठेवला, "तुम्हाला कसं कळलं?" बाबा, मला इतका आनंद झाला!

मी मजेत आहे. फक्त शेजारी तुम्ही हवे होतात. फोनवर बोलावलं तर म्हणाल, "गिऱ्हाईकं खोळंबतील." पत्रातही तेच लिहाल, म्हणून हे पेटीत टाकणार नाही. तरी विचारते. शेवटचा मुक्काम समुद्रकिनारी आहे. दुकानाला कुलूप लावून याल? तिथे सगळे अनवाणीच फिरतात, तुम्हाला काही कामच पडणार नाही.

तुमची,
भिंगरी