गाळा क्रमांक अकरा व बारा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा हार्डवेअरचे दुकान, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि कुणी हात न धरता लिहून ठेवत आहे. वकिलांच्या मसुद्यात "शरीराने व मनाने धडधाकट" असे होते. ते मी काढायला लावले. माझ्या उजव्या खुब्यात सळई आहे आणि एक मजला चढताना मला दोनदा थांबावे लागते. मन मात्र शाबूत आहे. कोण कधी काय बोलले ते मला शब्दाला शब्द आठवते, आणि घरच्यांना त्याचाच त्रास आहे. धंद्याच्या पुढे ते "निवृत्त" लिहिणार होते. मी निवृत्त झालेले नाही, मला बसवण्यात आले आहे. म्हणून हार्डवेअरच राहू द्या म्हटले.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मुलाला काहीही ठेवले नव्हते. मी ते का बदलले, ते योग्य ठिकाणी येईल.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, आतल्या सामानासह माझ्या मुलीला मिळावे. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी वीस वर्षे लागत नाही. जन्मभर कड्या विकल्या, पण घरची बदलायला सवड झाली नाही. ती तिने बदलून घ्यावी. मी दवाखान्यात असताना मुलगी नऊ दिवस माझ्या उशाशी बसली, हे मी विसरलेले नाही. त्या नऊ दिवसांत दुकानाचे काय चालले आहे हे तिला ठाऊक होते आणि ती एक शब्द बोलली नाही, हेही विसरलेले नाही. गप्प बसल्याबद्दल घर मिळते. दुकान मिळत नाही.

कलम २. दुकानात एकतीस वर्षे माझ्यासोबत उभे राहिलेले गृहस्थ, ज्यांना सगळी गल्ली "मापारी" म्हणते, कारण ते खिळ्यांच्या पिंपात हात घालून बरोबर पाव किलो मूठ बाहेर काढत, त्यांच्याकडे दुकानाचे सहा लाकडी खण आहेत. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून त्यांनी ते भांडून उतरवून घेतले आणि आज ते त्यांच्या पलंगाखाली आहेत. ते खण त्यांचेच. मुलाने मागू नयेत. माझे लोखंडी कपाट, पान्यांचा संच आणि दुकानातली माझी खुर्चीही त्यांना द्यावी. त्यांच्या सुनेला खुर्ची अडचणीची वाटेल, तरी द्यावी.

कलम ३. आमच्या व्यापारी मंडळाचे माजी अध्यक्ष, कापडवाले, यांना माझ्याकडून काही नाही. उलट त्यांनी माझी शिडी परत करावी. मंडळाच्या बैठकीत याच गृहस्थांनी आम्हा सोळा जणांना माझ्या काउंटरवर हात ठेवायला लावून वदवून घेतले होते, की कुणी कितीही लालूच दाखवली तरी गल्ली सोडायची नाही. "आपण उठलो तर ही गल्ली गल्ली राहणार नाही," असे ते म्हणाले होते. मीही हात ठेवला होता. आठ महिन्यांनी ते "ट्यूबलाइट बदलायची आहे" म्हणून माझी शिडी घेऊन गेले आणि तीवर चढून त्यांनी स्वतःच्याच दुकानाची पाटी उतरवली. तिथे आता व्यायामशाळा आहे. काचेआड माणसे जागच्या जागी पळत असतात.

कलम ४. आता दुकान. गाळा क्रमांक अकरा व त्याला जोडलेला बारा.

अकरा नंबर माझ्या नवऱ्याचा. ते गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. दीर म्हणाले, "वहिनी, स्क्रू-खिळ्यांच्या दुकानात बाईमाणूस शोभत नाही. मी बघतो." ते कसे बघतात हे मला त्यांच्या स्वतःच्या दुकानावरून माहीत होते. मी दुसऱ्याच आठवड्यात काउंटरवर बसले. गिऱ्हाईक आत डोकावून विचारी, "कोणी आहे का?"

"मी आहे ना."

"तसं नाही, दुकानात कोणी आहे का?"

वर्षभर हे ऐकले. मग नळाचा आटा कितीचा, कोणत्या दाराला कोणती बिजागरी, हे मी गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी सांगू लागले आणि तो प्रश्न थांबला.

तेव्हा गल्लीत गादीवाला होता, रेडिओ दुरुस्त करणारा होता, पुस्तके बांधणारा होता, दोन शिंपी होते, कोपऱ्यावर पावाची भट्टी होती. कुणाकडे काही मोडले की ते गल्लीतल्या गल्लीत दुरुस्त होई. मग एकेकाने गाशा गुंडाळला. भट्टीच्या जागी मोबाइलचे दुकान आले, त्या जागी भुवया कोरायचे पार्लर, मग केकवाला, मग पुन्हा मोबाइल. त्या एका गाळ्याची चार उद्घाटने मी पाहिली. खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटत नव्हते. दुकान बंद झाले की पाटी काढायला स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडून जाई, नवीन उघडले की फळ्या, कड्या, रंग, सगळे माझ्याकडून. मी हळहळत होते आणि माल देत होते. पुढे येणाऱ्यांनी आपली माणसे आणि आपला टेम्पो आणायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आता रांगेत मी आहे.

दोन वर्षांपूर्वी वरच्या फळीवरचा खोका काढताना मी स्टुलावरून पडले. पाच आठवडे दवाखान्यात होते. मुलाने तिथे कागद आणले. "आई, दवाखान्याचे आहेत, इथे आणि इथे." मी केली सही. ज्या बाईने कुठल्याही कंपनीचे बिल दोनदा वाचल्याशिवाय घेतले नाही, तिने मुलाच्या हातचा कागद वाचला नाही. ते कुलमुखत्यारपत्र होते.

घरी आल्यावर पंधरा दिवस मला खाली उतरू दिले नाही. उतरले तेव्हा माझ्या दुकानाच्या जागी कॉफीचे दुकान होते. गाळे भाड्याने दिलेले. माल वजनावर विकलेला. काउंटर फोडलेला. आणि आतल्या भिंतीवर, सजावट म्हणून, माझ्याच जुन्या बिजागऱ्या, कुलुपे आणि किल्ल्या ओळीने ठोकलेल्या. ठोकल्याही वाकड्या.

काउंटरमागची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, काय घेणार?"

"दोन इंची बिजागरी आहे?"

ती हसली. तिला वाटले मी गंमत करते आहे.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी दहा वाजता तिथे जाऊन बसते, वजनकाटा होता त्या जागी. बिनसाखरेचा चहा मागवते आणि बारापर्यंत उठत नाही. त्या कॉफीवाल्या मुलीची काही चूक नाही. ती आता न विचारताच चहा आणते आणि उन्हाची तिरीप आली की पडदा ओढते. तिला माझी काळी शाल द्यावी. दुकानात थंड हवा फार सोडतात आणि तिच्या अंगावर कधी काही उबदार नसते.

कलम ५. मुलाबद्दल.

मुलाशी मी चार महिने बोलले नाही. मग एका दुपारी बोलले, आणि बोलले ते सगळे जिन्यातून खालपर्यंत ऐकू गेले असेल. मी म्हटले, "आई दवाखान्यात पडलेली असताना तिच्या पायाखालची जागा काढून घेतलीस. शेजाऱ्याशीही कुणी असं वागत नाही."

 तो पायातल्या चपलेकडे बघत अगदी हळू म्हणाला, "तू वागलीस की."

"काय?"

"छत्रीवाले काका. ते पण दवाखान्यातच होते. मी एकोणीस वर्षांचा होतो, आई. त्यांच्या छत्र्या मीच बाहेर काढल्या. तूच काढायला सांगितल्यास."

मी त्याला घराबाहेर जा म्हटले. तो गेला. त्याच आठवड्यात मी ते पहिले मृत्युपत्र केले, त्याला काहीही न ठेवता. रागाच्या भरात केले, आणि तो राग त्याच्यावरचा नव्हता हे समजायला मला सहा महिने लागले.

कलम ६. गाळा क्रमांक बाराबद्दल निवेदन.

बारा नंबरचा गाळा जेमतेम पाच फूट रुंद होता. त्यात छत्री दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. माझ्या दुकानाला लागून त्यांची भिंत. मला रंगाचे डबे ठेवायला जागा हवी होती आणि ती भिंत माझ्या डोळ्यात खुपत होती. सव्वीस वर्षांपूर्वी ते फुप्फुसांच्या आजाराने दवाखान्यात होते तेव्हा घरमालक माझ्याकडे आला. म्हणाला, "छत्रीवाल्याचा करार महिनाअखेर संपतोय. तो आला नाही तर गाळा मोकळा. तुम्हाला हवाय का?"

दवाखाना वीस मिनिटांच्या अंतरावर होता. मी त्यांना भेटून सांगायला हवे होते. भेटायला जायचे म्हणून संत्रीही आणली होती. ती घरीच संपली. महिनाअखेर मी घरमालकाकडे जाऊन सही केली; पुढे तो गाळा विकतही घेतला.

मुलाने छत्र्या जिन्याखाली नेऊन रचल्या, प्रत्येकीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती. दोन दिवसांत भिंत पाडली. छत्रीवाले हातात पिशवी घेऊन परत आले तेव्हा त्यांच्या जागी रंगाचे डबे होते. मी काउंटरमागून म्हटले, "तुम्ही आता बसणार नाही असं कळलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढेच विचारले, "लोकांच्या छत्र्या कुठे आहेत?" मग त्या काखेत मारून घरोघर पोहोचवत फिरले. त्यांना धाप लागत होती.

गल्लीत लोक विचारू लागले तेव्हा मी सांगितले की त्यांनी पैसे घेऊन गाळा सोडला. ते कधीमधी दारू पीत, आणि मी दोन पोरांची विधवा आई. लोकांनी माझे खरे मानले. ते तीन वर्षांनी वारले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या मुलीला शोधत गेले. ती मोठ्या बाजाराच्या जिन्याशी बसून बॅगांच्या चेन दुरुस्त करते. मी कोण ते सांगितले. तिने हातातली पक्कड खाली ठेवली नाही.

मी म्हटले, "बारा नंबरचा गाळा मी तुझ्या नावावर करते आहे."

"मी काय करू तिथे?" ती म्हणाली. "त्या गल्लीत आता मोडलेलं काही घेऊन कोण येतं? तिथली माणसं नवीन घेतात. मला इथे गिऱ्हाईक आहे."

"मग भाड्याने राहू दे. भाडं तुला येईल."

"नको, बाई." तिने चेन ओढून पाहिली, ती अडकली, तिने पुन्हा तेल घातले. "माझी आई मरेपर्यंत बाबांना बोलत राहिली. दुकान विकून पैसे पिऊन टाकले म्हणाली. ते म्हणायचे, मी विकलं नाही गं. ती म्हणायची, अख्खी गल्ली खोटं बोलते का? मीही त्यांचं खरं मानलं नाही. मी सोळा वर्षांची होते, मला कळायला हवं होतं."

 मी उठू लागले तर सळईमुळे उठता येईना. तिनेच हाताला धरून उठवले आणि म्हणाली, "काही द्यायचंच असेल तर लिहून द्या. कसं झालं ते. सही करून."

म्हणून मी लिहून देते की गाळा क्रमांक बारा छत्रीवाल्यांनी विकला नाही, सोडला नाही, त्याचे त्यांना कुणाकडून काही मिळाले नाही. ते आजारी असताना तो मी बळकावला, आणि गल्लीला खोटे सांगितले. अख्खी गल्ली खोटे बोलत नव्हती. मी एकटी बोलत होते, बाकीच्यांनी ऐकले.

कलम ७. गाळा क्रमांक अकरा व बारा माझ्या मुलाला मिळावेत. हे मायेने लिहीत नाही. त्याला वगळायचे तर ज्या कारणासाठी वगळावे लागेल, त्याच कारणासाठी आधी मला वगळावे लागते. अट एकच: माझ्यानंतर कलम ६ त्याने त्या दुकानात, दिवसाढवळ्या, गिऱ्हाईक असताना मोठ्याने वाचावे. छत्रीवाल्यांच्या मुलीला वेळ आधी कळवावी. ती येईल की नाही, तिची ती ठरवेल.

वरील सर्व मी वाचून घेतले आहे व ते माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

(सही)
हार्डवेअरवाल्या काकू

ठिकाण: वकिलांचे ऑफिस, दुसरा मजला
दिनांक: १४ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा

साक्षीदार पहिले: (सही) वकिलांचे कारकून

साक्षीदार दुसऱ्या: (सही) छत्रीवाल्यांची मुलगी, धंदा बॅगदुरुस्ती. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितल्यावर "मला काही मिळत नाही" असे म्हणून सही केली. सहीपूर्वी कलम ६ दोनदा वाचले.

खाडाखोड: कलम ६ मध्ये मी "घेतला" असे लिहिले होते. दुसऱ्या साक्षीदारांच्या सांगण्यावरून ते खोडून "बळकावला" असे केले. मान्य. (सही)